साडेचारची अस्वस्थता, एक गुडघा आणि एक कुत्री: स्मृतिभ्रंश-देखभालीतील एक प्रकरण

पार्श्वभूमी

ज्या आजींविषयी हे टिपण आहे त्यांचे वय त्या वेळी ८१ वर्षे होते. अल्झायमरमुळे आलेला स्मृतिभ्रंश असे निदान होऊन सहा वर्षे झाली होती आणि आमच्या निवासी देखभाल केंद्रात येऊन त्यांना चौदा महिने झाले होते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि आम्ही घेतलेले निर्णय मात्र चुकांसकट तसेच ठेवले आहेत. मी त्या केंद्रात देखभाल समन्वयक म्हणून काम करत होते, त्यामुळे यातल्या बहुतेक निर्णयांना आणि त्यांतल्या फसलेल्यांनाही मीच जबाबदार आहे.

आजींनी आयुष्यभर शिवणकाम केले होते. नावे, नाती, वार आणि वेळ यांच्याशी त्यांचा संबंध जवळपास सुटला होता, तरी हातात कापड आले की त्यांची बोटे आपोआप काठ शोधत आणि शिवण उलटी करून पाहत. बोलणे दोन-तीन शब्दांच्या वाक्यांवर आले होते. मुलीला त्या कधी 'ताई' म्हणत, कधी 'बाई', कधी काहीच नाही. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू होती. केंद्रात दाखल होताना भरलेल्या माहितीपत्रकाच्या तिसऱ्या पानावर दोन नोंदी एकाखाली एक होत्या: उजव्या गुडघ्याला जुना संधिवात, आणि घरी अकरा वर्षे पाळलेला मोती नावाचा कुत्रा. आम्ही दुसरी नोंद लक्षात ठेवली आणि पहिली विसरलो. पुढचे सगळे प्रकरण या एका ओळीच्या विसराळूपणातून निघते.

अडचण

दुपारच्या जेवणानंतर आजी व्हीलचेअरमध्ये खिडकीपाशी बसत. दोन ते साडेचार हा वेळ बहुधा शांत जाई. साडेचारच्या सुमारास त्यांना उठवून बाथरूममध्ये न्यायला मावशी आल्या की सगळे बिनसे. आजी मावशींचा हात झटकत, खुर्चीच्या दांड्यावर मूठ आपटत, "नको, सोड, सोड" असे ओरडत, आणि एकदा सुरू झालेले ओरडणे सात-साडेसातपर्यंत थांबत नसे. या झटापटीत एका मावशींचे मनगट मुरगळले. शेजारच्या खोलीतल्या बाई दार आतून लावून घेऊ लागल्या. आजींची मुलगी संध्याकाळऐवजी सकाळी भेटायला येऊ लागली, कारण आईला त्या अवस्थेत पाहून गेल्यावर तिचा रात्री डोळ्याला डोळा लागत नसे.

आमच्या नोंदवहीत या सगळ्यासाठी एकच शब्द पडत होता: सनडाउनिंग. स्मृतिभ्रंश असलेल्या अनेकांची घालमेल दिवस कलताना वाढते हे खरे आहे, आणि झोप-जागेचे बिघडलेले चक्र, कमी होत जाणारा उजेड, दिवसभराचा शीण, ड्युटी बदलतानाची धावपळ अशी अनेक कारणे त्यामागे एकत्र काम करत असतात. मात्र हा शब्द वहीत रुळल्यावर या विशिष्ट आजींना याच विशिष्ट वेळी काय होते, हे विचारणे आमच्याकडून जवळजवळ बंद झाले.

दोन आठवड्यांची मोजदाद आम्ही कोहेन-मॅन्सफील्ड अस्वस्थता सूचीने केली. मारणे, ढकलणे, ओरडणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे अशी २९ वर्तने या सूचीत असतात आणि गेल्या दोन आठवड्यांत ते वर्तन किती वेळा दिसले यावरून प्रत्येकाला १ ते ७ गुण दिले जातात. त्यामुळे अगदी शांत माणसाचीही बेरीज २९ येते. आजींची बेरीज ७४ आली. या आकड्यापेक्षा त्याच्या शेजारी सिस्टरांनी सवयीने लिहून ठेवलेली वेळ अधिक बोलकी होती. १४ पैकी ११ दिवशी ओरडण्याची सुरुवात सव्वाचार ते पावणेपाच या अर्ध्या तासात झाली होती. उरलेले तीन दिवस निर्वेध गेले होते. ते तीन दिवस वेगळे का गेले, हे तेव्हा कोणीही पाहिले नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय औषधाचा होता. भेट देणाऱ्या डॉक्टरांनी अगदी कमी मात्रेत रिस्पेरिडोन हे मनोविकारविरोधी औषध देता येईल असे सांगितले आणि त्याच दमात त्यातला धोकाही सांगितला. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये या गटातल्या औषधांमुळे मृत्यूचे प्रमाण वाढते, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००५ मध्ये दिला आणि २००८ मध्ये तो जुन्या पिढीच्या मनोविकारविरोधी औषधांनाही लागू केला. २००५ च्या इशाऱ्यामागे ज्या चाचण्या होत्या, त्यांत साधारण दहा आठवड्यांच्या काळात औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ४.५ टक्के आणि नकली गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे २.६ टक्के लोक दगावले होते. स्वतःला किंवा दुसऱ्याला गंभीर इजा होण्याची वेळ आली तरच हे औषध, असे डॉक्टर, मुलगी आणि आम्ही मिळून ठरवले.

दुसरा पर्याय परिसर बदलण्याचा होता. खिडकीपाशी जास्त उजेडाचा दिवा लावून पाहिला, संगीत लावून पाहिले. दिव्याने काही फरक पडला नाही आणि हेडफोन आजींनी तीन मिनिटांत काढून मावशींच्या हातात दिला.

तिसरा पर्याय खेळण्यातल्या प्राण्याचा. सील प्राण्याच्या पिल्लासारखा दिसणारा पारो हा जपानी यंत्रप्राणी स्मृतिभ्रंशाच्या देखभालीत बराच वापरला जातो. तो आमच्या आवाक्यात नव्हता, म्हणून मऊ कापडाचा एक कुत्रा आणून आजींच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो उलटा केला, पोटाखालच्या शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "टाके ढिले आहेत." खेळणे तिथेच संपले. आम्ही हसलो, पण त्या दिवशी एक गोष्ट कळली की समोरची वस्तू काय आहे हे ओळखण्याची त्यांची ताकद आम्ही समजत होतो त्यापेक्षा बरीच शाबूत होती.

चौथा पर्याय प्रशिक्षित थेरपी डॉगचा, म्हणजे रुग्णांना सहवास देण्यासाठी शिकवून तयार केलेल्या कुत्र्याचा. याबाबतचा पुरावा फार भक्कम नाही हे आम्हाला ठाऊक होते. कॉक्रेन ही संस्था उपलब्ध चाचण्यांचा एकत्रित आढावा घेते. तिच्या २०१९ च्या समीक्षेत या विषयावरच्या नऊ यादृच्छिक चाचण्या (सहभागींचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडलेल्या) आणि त्यांतले एकूण ३०५ सहभागी विचारात घेतले होते. प्राण्यांच्या सहवासामुळे नैराश्याची लक्षणे किंचित कमी होत असावीत, मात्र अस्वस्थता किंवा दैनंदिन कामांची क्षमता यांवर स्पष्ट परिणाम दिसत नाही, असा या समीक्षेचा निष्कर्ष होता, आणि त्याविषयीची खात्रीही कमीच होती. म्हणजे आमची मुख्य तक्रार ज्या गोष्टीची होती, नेमका तिच्यावरच या उपायाचा परिणाम सिद्ध झालेला नव्हता. तरीही आम्ही हा पर्याय निवडला, कारण आजींच्या आयुष्यात कुत्र्याला जागा होती, धोका आटोक्यात ठेवता येण्यासारखा होता, आणि खरे सांगायचे तर काहीतरी करून दाखवण्याचा दबाव आमच्यावर होता.

वेदनेची नीट तपासणी हा पाचवा पर्याय असायला हवा होता. त्या बैठकीच्या टिपणात तो नाही.

तयारी

कुत्री सहा वर्षांची लॅब्राडोर होती आणि तिला सांभाळणाऱ्या, म्हणजे तिच्या हँडलर बाई दोन वर्षे तिच्यासोबत रुग्णालयांत जात होत्या. अमेरिकेतल्या आरोग्यसेवा साथरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१५ मध्ये रुग्णालयांतल्या प्राण्यांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, तीच आम्ही आधार म्हणून घेतली: कुत्रा किमान एक वर्षाचा असावा, भेट एका तासाहून लांबू नये, आधीच्या ९० दिवसांत त्याला कच्चे मांस किंवा कच्ची चघळणी दिलेली नसावी, आणि स्पर्शाच्या आधी व नंतर सर्वांनी हात स्वच्छ करावेत. कच्च्या मांसाचा नियम ऐकून मावशींना नवल वाटले, पण साल्मोनेलासारखे जिवाणू अशा आहारातून कुत्र्याच्या विष्ठेत आणि तिथून अंगावर येऊ शकतात आणि वृद्धांना त्यांची बाधा जड जाते. आम्ही भेटीची मर्यादा तासावरून वीस मिनिटांवर आणली.

संमतीवर बराच खल झाला. आजी कायदेशीर अर्थाने संमती देऊ शकत नव्हत्या. ती मुलीने लेखी दिली. मात्र प्रत्येक भेटीच्या आरंभी हँडलरने दारात थांबून "आजी, येऊ का आत?" असे विचारायचे आणि आजींच्या चेहऱ्यावर किंवा हातात होकार दिसला तरच पुढे यायचे, असे ठरले. पहिल्या तीन महिन्यांत दोनदा नकार मिळाला आणि दोन्ही वेळा कुत्री दारातूनच परत गेली. मुलीने आणखी एक गोष्ट सांगितली: मोती गाडीखाली सापडून गेला होता आणि आईने त्यानंतर महिनाभर धड जेवण घेतले नव्हते. ही आठवण उसळून येईल का, ही भीती आमच्या मनात शेवटपर्यंत राहिली. आठवड्यातून दोन भेटी, मंगळवारी आणि शुक्रवारी, सव्वाचार वाजता, म्हणजे नेहमीच्या वेळेच्या पंधरा मिनिटे आधी, असे वेळापत्रक ठरले.

निर्णयाचे प्रसंग

पहिला प्रसंग पहिल्याच दिवशी आला. इतरांनाही आनंद मिळेल या विचाराने आम्ही भेट सामायिक दिवाणखान्यात ठेवली होती. तिथे एक आजोबा बसत, ज्यांना लेवी बॉडी प्रकारचा स्मृतिभ्रंश होता. या प्रकारात नसलेली माणसे, मुले, प्राणी अगदी स्पष्ट दिसतात, आणि आजोबांना गेले वर्षभर कोपऱ्यात कुत्रे दिसत. ते विचारत, "तो बघा, तिथं कुत्रा आहे ना?" आणि सिस्टर शांतपणे सांगत, "मला दिसत नाही आजोबा, पण मी आहे इथं." त्या मंगळवारी लॅब्राडोर आत आली तेव्हा आजोबांनी आधी तिच्याकडे, मग सिस्टरांकडे पाहिले आणि काहीच विचारले नाही. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सिस्टरांना विचारले, "काल होता, की नव्हता?" सिस्टरांनी होता असे सांगितले, आणि मग आधीचे सगळे कुत्रेही होते का, असा पुढचा प्रश्न आला. त्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्या भेटीपासून कुत्री मागच्या दाराने थेट आजींच्या खोलीत जाऊ लागली आणि आजोबांना भेटीच्या दिवशी आधीच सांगितले जाऊ लागले. थेरपी डॉग आणण्याआधी त्या मजल्यावर कोणाला प्राण्यांचे भास होतात का, कोणाला कुत्र्यांची भीती किंवा ॲलर्जी आहे का, हे विचारणे इतके उघड होते की ते आमच्या यादीतून कसे सुटले याचे मला अजून आश्चर्य वाटते.

दुसरा प्रसंग नावाचा. पहिल्याच भेटीत आजींनी कुत्रीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मोती, आलास?" कुत्रीचे नाव वेगळे होते, ती मादी होती, आणि रंगही मोतीचा नव्हता. हँडलरने माझ्याकडे पाहिले. दुरुस्त केले तर आजींना त्यांची चूक दाखवल्यासारखे झाले असते. "हो, मोतीच" म्हटले तर आम्ही खोटे बोललो असतो, आणि मोती गेल्याची आठवण पुढे कधी जागी झाली तर त्या खोट्याचा भार आजींवरच आला असता. हँडलरने तिसरा मार्ग काढला. त्या म्हणाल्या, "तुम्हाला भेटायला आलीय, आजी." पुढच्या सगळ्या भेटींत हेच वाक्य वापरायचे ठरले. मोती गेल्याचा उल्लेख आजींनी कधीच केला नाही, त्यामुळे ही भीती खरी होती की अनाठायी, ते कळायला मार्ग नाही.

तिसरा प्रसंग कुत्री जाण्याचा, आणि यात आमची तयारी सर्वांत कच्ची होती. येण्याची वेळ, दार, वाक्य, सगळे ठरले होते. जाण्याविषयी कागदावर एक ओळही नव्हती. पहिल्या तीन भेटींत आजींचे लक्ष दुसरीकडे गेले की हँडलर कुत्रीला घेऊन हळूच बाहेर पडत. आजींना आठवणार नाही, असा आमचा समज होता. प्रत्यक्षात तिसऱ्या भेटीनंतर त्या सात वाजेपर्यंत पलंगाखाली, दारामागे, पडद्यामागे वाकून काहीतरी शोधत राहिल्या. काय शोधताय, असे विचारल्यावर त्यांना सांगता येईना. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अल्झायमर असलेल्या लोकांना भावना जागवणाऱ्या चित्रफिती दाखवून असे नोंदवले होते की चित्रफितीत काय होते ते विसरल्यावरही तिने जागवलेली भावना मागे उरते. हे मला वाचून माहीत होते. तरीही 'आठवणार नाही' म्हणजे 'जाणवणार नाही', असे मी धरून चालले होते.

उपाय आजींच्याच हातांनी सुचवला. कुत्रीच्या गळ्यात ओळखीसाठी बांधलेला निळा रुमाल असे आणि आजी दर भेटीत त्याची गाठ चाचपत. चौथ्या भेटीच्या शेवटी हँडलरने विचारले, "आजी, हिचं काम झालं आता. रुमाल सोडता?" आजींनी गाठ सोडली, रुमाल मांडीवर पसरला, तळव्याने सुरकुती काढली, टोकावर टोक आणले, पुन्हा घडी घातली, आणि चौकोनी घडी हँडलरच्या हातात न देता स्वतःच्या खिशात ठेवली. कुत्री त्यांच्या डोळ्यांदेखत निघून गेली. त्या संध्याकाळी शोधाशोध झाली नाही. पुढे आम्ही दर भेटीसाठी धुतलेला रुमाल ठेवू लागलो आणि घातलेली घडी आजींकडेच राहू लागली.

चौथा प्रसंग याच चौथ्या भेटीतला, आणि सगळे प्रकरण त्यावर वळले. कुत्रीला हनुवटी समोरच्याच्या गुडघ्यावर टेकवून थांबायची शिकवण होती. ती नेहमी आजींच्या डाव्या बाजूला बसे. त्या दिवशी खुर्ची उलटी लागली होती, त्यामुळे ती उजवीकडे बसली आणि हनुवटी उजव्या गुडघ्यावर आली. आजींच्या भुवया जवळ आल्या, श्वास क्षणभर थांबला, हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाला, आणि त्या कुत्रीला म्हणाल्या, "तिकडं नको रे बाळा, दुखतं." चौदा महिन्यांत 'दुखतं' हा शब्द आमच्यापैकी कोणीही त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. आम्ही विचारत होतो, "आजी, काही दुखतंय का?" आणि त्या नाही म्हणत होत्या. बोरिस लेव्हिन्सन या अमेरिकी बालमानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात लिहून ठेवले होते की त्यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा खोलीत असला की अबोल मूल आधी कुत्र्याशी आणि मग त्याच्या आधाराने माणसाशी बोलू लागते. आजींच्या बाबतीत बोलणे कुत्र्यापाशीच थांबले होते. ऐकायला हँडलर तिथे होत्या, एवढेच.

हँडलरने ही गोष्ट लगेच सिस्टरांना सांगितली. सिस्टरांनी पेनॅड ही स्मृतिभ्रंश असलेल्यांची वेदना निरीक्षणावरून मोजणारी मापनी वापरली, जिच्यात श्वास, आवाज, चेहरा, शरीराची हालचाल आणि समजूत घालता येते की नाही, या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण देतात. खुर्चीत बसलेल्या आजींना १ गुण पडला. तीच मापनी त्यांना उठवताना वापरली तेव्हा ७ आला. आमच्याकडे ही तपासणी दर महिन्याला होत होती, पण सकाळी, पलंगावर, झोप झाल्यानंतर.

मग ते तीन शांत दिवस कोडे राहिले नाहीत. त्या दिवशी फिजिओथेरपीची एक विद्यार्थिनी तीनच्या सुमारास येऊन आजींना व्हरांड्यात चालवून गेली होती. झिजलेला सांधा बराच वेळ एका स्थितीत राहिला की आखडतो आणि हलवल्यावर काही वेळाने मोकळा होतो. दोन ते साडेचार असा अडीच तास वाकलेला राहिलेला गुडघा आम्ही रोज एका झटक्यात सरळ करत होतो, आणि त्यावर आलेल्या ओरडण्याला सनडाउनिंग म्हणत होतो.

केलेली कृती

डॉक्टरांनी तपासणी करून गुडघ्याची झीज आणि थोडी सूज असल्याचे सांगितले. 'लागेल तेव्हा' ऐवजी ठरलेल्या वेळी पॅरासिटामॉल सुरू झाले, दुपारची मात्रा साडेतीनला आली, आणि तीन वाजता पाच मिनिटे चालणे हा दिनक्रमाचा भाग झाला. नॉर्वेतल्या १८ शुश्रूषागृहांतील ३५२ रहिवाशांवरचा २०११ चा अभ्यास आमच्या डॉक्टरांना माहीत होता. त्यात वेदनेवर टप्प्याटप्प्याने उपचार केल्यावर आठ आठवड्यांत अस्वस्थता सुमारे १७ टक्क्यांनी कमी झाली होती, आणि बहुसंख्य रहिवाशांना त्यासाठी साधे पॅरासिटामॉलच दिले होते.

कुत्रीच्या भेटी चालू ठेवायच्या का, यावर मतभेद झाले. कारण सापडले आहे, आता कुत्री कशाला, असे एका सिस्टरांचे म्हणणे होते आणि ते तर्काला धरून होते. मुलीने भेटी चालू ठेवायला सांगितल्या. आम्ही तिचे ऐकले.

सातव्या आठवड्यात कुत्रीचे नख आजींच्या हाताला लागले. ओरखडा लहान होता, पण रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीमुळे मनगटापासून कोपरापर्यंत काळानिळा डाग पसरला. मुलीला त्याच संध्याकाळी कळवले. त्यानंतर भेटीच्या आदल्या दिवशी नखे घासणे आणि आजींच्या हातावर लांब बाह्यांचे कापड ठेवणे सुरू झाले. त्याच सुमारास हँडलरने एक भेट आठव्या मिनिटाला थांबवली, कारण आजींनी कान घट्ट धरला होता आणि कुत्री वारंवार जांभया देत, ओठ चाटत, मान वळवत होती. आमच्या मावशींना ही हँडलरची नाजूकगिरी वाटली. कुत्र्याच्या ताणाची हीच सुरुवातीची लक्षणे असतात आणि पुढची पायरी गुरगुरण्याची असू शकते, हे हँडलरने समजावून सांगितल्यावर भेट थांबवण्याचा अंतिम अधिकार त्यांचाच, असे लेखी ठरले.

परिणाम

बाराव्या आठवड्यात सूचीची बेरीज ७४ वरून ५१ वर आली होती, आणि शेवटच्या १४ दिवसांत संध्याकाळचे ओरडणे तीनदा झाले होते, तेही प्रत्येकी वीस मिनिटांच्या आत शमलेले. रिस्पेरिडोन सुरू करावे लागले नाही. मुलगी पुन्हा संध्याकाळी येऊ लागली, मुद्दाम शुक्रवारी, आणि आईसमोर मोतीच्या खोड्या सांगत बसू लागली.

यातले श्रेय कोणाचे, हा प्रश्न मात्र नोंदवही उघडल्यावर किचकट होतो. गोळीची वेळ, तीनचे चालणे आणि कुत्रीच्या भेटी एकाच पंधरवड्यात एकमेकांवर येऊन पडल्या. ओरडणे कुत्री येण्याच्या दिवशी आणि न येण्याच्या दिवशी जवळपास सारखेच कमी झाले, त्यामुळे त्याचा मोठा वाटा गुडघ्याकडे जातो असे माझे मत आहे. फरक दिसला तो दुसरीकडे. भेटीच्या दिवशी आजी साडेचार ते सहा या वेळात जास्त बोलत, चेहरा खुले, रात्रीचे जेवण स्वतःच्या हाताने घेत. इतर दिवशी त्या शांत असत, पण गप्प. केंद्रातल्या सगळ्यांच्या तोंडी मात्र "कुत्रा आला आणि आजी बऱ्या झाल्या" हीच गोष्ट राहिली, आणि पाहुण्यांना तीच सांगितली जाई. मी तीनदा दुरुस्त केली. गुडघ्याची गोष्ट कोणाला तितकीशी आवडत नाही.

नवव्या महिन्यात आजींचा आजार पुढच्या टप्प्यात गेला. त्या कुत्रीकडे पाहत, पण हात उचलत नसत. लागोपाठ तीन भेटींत कुत्री पाच मिनिटांनी दाराकडे तोंड करून बसली. हँडलर म्हणाल्या की आता दोघींनाही यातून काही मिळत नाही. मुलीशी बोलून आम्ही भेटी थांबवल्या. सव्वाचारला मावशी निळा रुमाल आजींच्या हातात देत राहिल्या. काही दिवशी घडी होई, काही दिवशी रुमाल नुसता मुठीत राही.

वेगळे काय करता आले असते

वेदनेची तपासणी अस्वस्थतेच्या वेळी आणि हालचाल करताना व्हायला हवी होती, सकाळी पलंगावर नव्हे. ती आधी झाली असती तर पहिला महिनाभराचा त्रास टळला असता आणि कदाचित कुत्रीची गरजही वेगळ्या कारणासाठी ठरली असती. अस्वस्थता न झालेल्या दिवसांकडे आम्ही नोंदवहीतली रिकामी घरे म्हणून पाहिले. खरे तर उत्तर त्याच घरांत होते.

बदल एकेक करून व्हायला हवे होते. दुखणाऱ्या माणसाची गोळी प्रयोगासाठी लांबवणे गैर ठरले असते, पण कुत्रीच्या भेटी दोन आठवडे पुढे ढकलणे सहज शक्य होते. त्याहून मोठी उणीव अशी की कुत्री सोबत आली तेव्हा वीस मिनिटे एक शांत, घाई नसलेले माणूसही आजींसमोर आले, जे एरवी त्यांच्या दिवसात कधीच येत नव्हते. मावशी येत त्या उठवायला, सिस्टर येत त्या गोळी द्यायला. कुत्रीशिवाय, हातात काही काम न घेता, कोणी सव्वाचारला शेजारी बसले असते तर काय झाले असते, हे आम्ही कधी करून पाहिले नाही. रुमालाच्या घड्या पाहता मला वाटते की बरेच काही झाले असते, पण ते माझे वाटणे आहे.

लेवी बॉडी असलेल्या आजोबांच्या बाबतीत झालेले नुकसान भरून आले नाही. त्यांना नंतर भास झाला की सिस्टरांचे उत्तर पूर्वीसारखे पटत नसे. त्यांच्या मुलाला आम्ही कारण सांगितले आणि माफी मागितली.

सध्या दुसऱ्या एका रहिवाशासाठी थेरपी डॉगची मागणी आली आहे. या वेळी पहिले दोन आठवडे फक्त हालचालीच्या वेळची पेनॅड तपासणी आणि तिच्यातून निघतील ते उपचार, पुढचे दोन आठवडे ठरलेल्या वेळी कुत्र्याशिवाय एका मावशींनी नुसते शेजारी बसणे, आणि त्यानंतर गरज उरली तरच कुत्री, असा क्रम लावला आहे. नुसते बसण्यासाठी मावशींची वीस मिनिटे ड्युटीच्या तक्त्यात मोकळी करायला व्यवस्थापनाशी तीन बैठका लागल्या. कुत्रीसाठी एक पुरली होती.